बाजूला बसलेला मासा

२ नोव्हेंबर १९७७
समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन आले. मुंबईच्या गार्डाने आणायचे, दौंडला ह्यांच्या ताब्यात द्यायचे, ह्यांनी आपल्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या डब्यातून, सोलापूर गाठायचं. रेल्वेत नवरा असल्याचा हा एक फायदा. कॅन मोरीच्या कोपऱ्यात पोतं घालून झाकले. महिनाभर अंधारात राहिले की पाण्यातलं बारीकसारीक जिवंत उपाशी मरतं.
सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं. "लई खारट हाय की. आमटीत चालंल."

६ नोव्हें.
माशांच्या मोठ्या पेटीची काच घासली. जोडी खुशीत. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, दिवसभर समुद्रफुलाच्या, म्हणजे त्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या, बोटांत लोळायचं, दुसरं काम नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई बघायला आल्या होत्या. खातात का, कितीला मिळतात, नेहमीचंच.
अलिबागचं घर विकलं त्याला या दिवाळीत तीन वर्षं होतील. समुद्राचं म्हणून माझ्याकडे आता ही पेटी आहे. एवढीच. हे कुणाला सांगत नाही, हसतील.

१२ नोव्हें.
दौंडहून ह्यांनी निळा मासा आणला. मुंबईच्या गार्डाची भेट. पिशवीतून थेट मोठ्या पेटीत सोडायला निघाले होते, हात धरला. नवा मासा आधी छोट्या पेटीत, निदान चार आठवडे. अंगावर पांढरे ठिपके आले नाहीत तरच जोडीजवळ. ठिपके म्हणजे एक जंतू, कातडीत घुसतो. एकाला झाला की पेटीतल्या सगळ्यांना होतो.
सासूबाईंना समजावायला तासभर गेला. जंतू म्हटलं की "दिसत न्हाय तर हाय कशावरनं?" शेवटी म्हटलं, आई, तो बाजूला बसलाय असं समजा. त्याचं जाळं, त्याचा मग, त्याचं फडकं, इकडे काही लागायचं नाही.
"मग आसं सांग की," म्हणाल्या. "येवढं विंग्रजी कशाला?"
स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

१३ नोव्हें.
छोट्या पेटीच्या जाळ्याला सासूबाईंनी लाल दोरा बांधला. दुपारी ह्यांनी तेच जाळं मोठ्या पेटीवर ठेवलं तर अशा ओरडल्या की हे दचकून अटेन्शनमध्ये उभे. "विटाळ कालवतूस व्हय रं? हात धू आदी. साबण लावून."
ह्यांनी धुतले. कॉलेजात आमच्या लॅबमध्ये अशी एक बाई असती तर.

१४ नोव्हें.
आजपासून मी मागच्या खोलीत. घोंगडी, ताट-तांब्या, ही वही. वहीला विटाळ नसतो, ते एक बरं.
माशांचं खाणं सासूबाईंकडे. मी दारातून सांगते, त्या करतात. जोडीला भिजवलेल्या सुकटीचे तुकडे, निळ्याला वेगळ्या वाटीतून. नाकाला पदर लावून, पण करतात.
संध्याकाळी ओरडून विचारलं, निळा कसा आहे? "गप बसलाय कोपऱ्यात. तुज्यासारका."

१५ नोव्हें.
कंबर दुखते. हे ड्यूटीवर, परवा येतील. पेटीचा पंप ऐकू येतोय म्हणजे वीज आहे.

१७ नोव्हें.
न्हाऊन घरात आले. आधी छोटी पेटी पाहिली. रिकामी. निळा मोठ्या पेटीत, समुद्रफुलाशेजारी, जोडीच्या मध्येमध्ये करत.
सासूबाई तांदूळ निवडत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "परवा चौथा दिस झाला न्हवं त्येचा. घंगाळात कोमट पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली, आंगोळ घातली. मग घेतला आत. किती दिस बसवायचं बिचाऱ्याला?"
चौथा दिवस. बरोबर आहे. मी चार आठवडे म्हटलं होतं, पण बाजूला बसणं म्हटल्यावर चारच दिवस असतात, आणि शेवटी न्हाणं. नियमाचं एक अक्षर चुकलं नाही.
लाल दोऱ्याच्या जाळ्याने निळ्याला परत छोट्या पेटीत घातलं. राग आला, खूप आला. कुणावर काढायचा कळेना, मग भांडी घासली.

२० नोव्हें.
निळ्याच्या पंखांवर ठिपके. मीठ शिंपडल्यासारखे. जोडी अजून स्वच्छ. दिवसातून दहा वेळा भिंग घेऊन बघते. हे म्हणतात, तुझ्या बघण्यानेच आजारी पडतील.

२६ नोव्हें.
जोडीतल्या धाकट्याच्या शेपटीवर तीन. थोरलीच्या कल्ल्याजवळ एक. आज वेगळ्याच गोष्टीने सुरुवात करायची होती वहीची, बाजारात स्वस्त भोपळे वगैरे. राहू दे.

२७ नोव्हें.
औषध म्हणजे मोरचूद. त्यातलं तांबं जंतूला मारतं, पण समुद्रफुलालाही मारतं, म्हणून मोठ्या पेटीत टाकता येत नाही. मासे छोट्या पेटीत काढून तिथे औषध, रोज मोजून. मोठी पेटी दीड-दोन महिने माशांविना. मासा नाही मिळाला की जंतू उपाशी.
पेठेतल्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार: "फवारणीला व्हय? द्राक्षाची बाग हाय का ताई?" नाही, मासे आहेत. "मारायला?" जगवायला. त्याने पुडी बांधता बांधता दोनदा माझ्याकडे पाहिलं.

२८ नोव्हें.
निळा सकाळी तळाशी. गेला.
सासूबाई छोट्या पेटीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. "म्या मारलं म्हन की." म्हटलं, नाही हो आई, आजार होताच त्याला. ते खरंही आहे. पुढचं बोलले नाही, म्हणजे जोडीचं. त्यांनाही दिसतंच आहे.
निळ्याला तुळशीत नको म्हणाल्या. पारिजातकाखाली पुरला.

३ डिसेंबर
दोघं छोट्या पेटीत. अर्धं पाणी रोज बदलायचं, मग औषधाचे थेंब. कमी पडलं तर जंतू वाचतो, जास्त झालं तर मासा मरतो. हे म्हणाले मी करतो. बाटली निसटली, आपटलीच असती. तेव्हापासून फक्त मी.
समुद्रफूल मोठ्या पेटीत एकटं, बोटं पसरून. थोरली सारखी काचेच्या त्याच बाजूला जाऊन राहते.

७ डिसें.
धाकटा गेला. खाणं तीन दिवसांपूर्वीच सोडलं होतं.
रडले. मोरीत, नळ सोडून.

९ डिसें.
थोरलीवर ठिपके कमी. सुकटीचा एक तुकडा घेतला, थुंकला, परत घेतला. सासूबाई बघत होत्या. "खाल्लं बग," म्हणाल्या. जेवायला बसताना पुन्हा, "खाल्लं की गं तिनं."

१२ डिसें.
पहाटे बाजूला बसायचं आलं. आज किंवा उद्या येणार हे माहीतच होतं, मनाशी पुढे ढकलत होते. हे परवापर्यंत ड्यूटीवर. औषध आणखी आठवडाभर तरी चुकवून चालणार नाही. सासूबाईंना थेंब मोजता येणार नाहीत, त्यांना लांबचं दिसतं, जवळचं नाही.
काही बोलले नाही. न्हाले, नेहमीसारखी घरात वावरले. पाणी बदललं, थेंब टाकले. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.
चुलीशी गेले नाही. भाजी चिरायचंही टाळलं, डोकं दुखतंय म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "व्हय, पड जरा." भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं का त्यांनी, की मला तसं वाटलं?

१३ डिसें.
सकाळी उठले तर सासूबाई नवं लुगडं नेसून तयार. मोहोळला लेकीकडे निघाल्या. काल काही बोलणं नव्हतं. देव्हाऱ्यात बघितलं तर रिकामा, फक्त ताम्हन. सगळे देव एका डब्यात, वर फडकं बांधून, त्यांच्या पिशवीत.
"देव कशाला नेताय?" विचारलं.
"त्यास्नी बी हवापालट नगो व्हय? कदी जात्यात कुटं?"
माझ्याकडे बघत नव्हत्या. पेटीकडे बघत होत्या, बऱ्याच लांबून, हात पाठीमागे घेऊन.
"पाचव्या दिशी येती. तवर न्हाऊनधुऊन घर स्वच्छ कर. आन् तिला जगव."
एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला निघाले तर नको म्हणाल्या. पिशवी उचलून दिली नाही मी, त्यांनीही मागितली नाही.
पुढच्या महिन्याचं काय, ते विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.
अर्धं पाणी बदललं. थेंब टाकले. थोरलीच्या कल्ल्याजवळचा ठिपका अजून आहे.