दाराबाहेरचे आकडे

७ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गाला आज सात जण. ऑफिसने भिंतीवर नाव लावलंय — कुटुंब सक्षमीकरण कार्यक्रम. चौथी शिकलेली मी, 'सक्षमीकरण' दोन दमात वाचते. मी आपलं त्याला गुरुवार म्हणते. ज्यांची मुलं सरकारने काढून घेऊन माझ्यासारख्या बायकांकडे सांभाळायला दिलीत, ते आईबाप येतात. मुलं परत कशी मिळवायची ते मी शिकवायचं. बावीस वर्षांत एकोणीस पोरं सांभाळली म्हणून ही खुर्ची मिळाली. अक्कल बघून नव्हे — तसं अजून कोणी म्हटलेलं नाही!

आज मुलांना भेटायच्या खोलीचे नियम सांगितले. वेळेच्या आधी पोचा. हात भरून खेळणी आणू नका, पोर खेळण्याकडे बघतं, तुमच्याकडे नाही. निघताना पुढची भेट कधी ते सांगा. दारात घोटाळू नका. रडायचं तर बाहेर, कोपऱ्यावर जाऊन.

वर्गातला ड्रायव्हर म्हणाला, "आजी, बाप्या माणसाने रडलं तर चालतं का?"

म्हटलं, "चालतं. गाडी चालवताना तेवढं नको."

सगळे हसले. लाँड्रीवाली हसली नाही. ती वहीत उतरवून घेत होती. कोपऱ्यावर — हेसुद्धा लिहिलं बाईने.

तिची मुलगी माझ्याच घरी आहे. दोन वर्षं झाली. पाच वर्षांची. सदा काहीतरी ओढत नेत असते म्हणून मी मुंगी म्हणते. म्हणजे माझ्याकडून मुंगी कशी न्यायची ते तिच्या आईला मीच शिकवतेय. माझी थोरली फोनवर म्हणाली, "आई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस तू."

म्हटलं, "पाय माझा, धोंडा माझा. तू फोन ठेव."

९ फेब्रुवारी, शनिवार

मुंगी संडासात गेली की मी दाराबाहेर उभी. मोठ्याने आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन. थांबलं की आतून आवाज येतो, "आहेस?" मी म्हणते, "एकेचाळीस." बासष्टच्या पुढे माझी गाडी रुळावरून उतरते, मग पुन्हा एकपासून.

आली तेव्हा आठवडाभर कपड्यांतच व्हायचं. दार लागलं आणि बाहेर शांत झालं की ती थिजायची. तिची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत रात्रपाळीला होती. मुलीला बघायला कोणी नाही. झोपवायची, बाहेरून कुलूप लावायची आणि कामावर जायची. एकदा पोर जागी झाली. शेजाऱ्यांनी दार फोडेपर्यंत किती ओरडली ते त्या दाराला माहीत.

बाई वाईट नव्हती. एकटी होती. आता दिवसपाळी मागून घेतलीय तिने.

तर मी मोजते. गुडघे दुखतात. मोजते.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

फाइलवाली — म्हणजे आमच्या ऑफिसातली बाई, काखेत फाइल नसेल तर ती मला ओळखू यायची नाही — वर्ग सुटल्यावर थांबली. शनिवार-रविवार मुंगी आईच्या घरी राहायला जाणार. पहिल्यांदाच. "नीट झालं तर पाच मार्चला कोर्टात मी म्हणेन, मुलगी आईला द्या. बिनसलं तर सहा महिने पुढे. आजी, तुमचं ते पान लिहून द्या."

ते पान ही माझीच पद्धत. सांभाळणारीने मुलाच्या सवयी पानभर लिहून आईला द्यायच्या. वर्गात मी ओरडून ओरडून सांगते — काही लपवू नका!

१५ फेब्रुवारी

पान लिहिलं. दूध कोमट. केस खालून वर विंचरायचे. उजवा बूट आधी. कुत्र्याला भीत नाही, फुग्याला भिते. खोटं बोलली की कान खाजवते.

आकडे लिहिले नाहीत.

जागा होती.

१६ फेब्रुवारी, शनिवार

घर शांत. दोनदा संडासाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. येडी म्हातारी.

१७ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी पाचला आली. अंग तापलेलं. उंबऱ्यातूनच पळत आत. "आजी, मोज!" मोजलं. आतून बारीक रडं, जळजळ होत होती तिला.

लाँड्रीवाली पायरीवर उभी. तोंडावर रया नाही. "पाणीच प्यायली नाही, आजी. प्यायली की जावं लागेल म्हणून. गादी ओली झाली तर कोपऱ्यात जाऊन बसली. मी दार उघडं ठेवते म्हटलं, तरी नाही. माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, "आधी डॉक्टरकडे जाऊ."

तेवढंच म्हटलं मी.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरने पाच दिवसांचं औषध दिलंय. फाइलवालीने लिहून घेतलं — आईच्या घरी मूल भेदरलेलं. मी समोर बसले होते. चहा प्यायले.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

हे नीट लिहायचं.

लाँड्रीवाली सगळ्यांच्या आधी आली. वही बंद. म्हणाली, "मी सही करून टाकते, आजी. तुमच्याकडेच राहू दे. तुम्हाला तिचं कळतं. मला नाही कळत."

झालं की मनासारखं! हेच हवं होतं ना, म्हातारे? मुंगी मोठी होईपर्यंत माझ्याकडे. हो म्हणायचं, नाहीतर नुसतं गप्प राहायचं. गप्प राहायला तर मला रविवारपासून चांगलंच जमत होतं.

बाकीचे आले. फाइलवाली दाराशी येऊन उभी राहिली. भिंतीवर आजचा धडा लावलेला. तो मी वाचलाच नाही. उभी राहिले आणि सांगून टाकलं — दार, आकडे, रिकामी सोडलेली ती जागा. म्हटलं, "विसरले नव्हते. मुद्दाम. पोर द्यायला जीव होत नव्हता."



फाइलवाली म्हणाली, "आजी, हे मला लिहावं लागेल."

"लिहा की. त्या दिवशी चुकीचं लिहिलंत, आज बरोबर लिहा. आणि मोठ्या अक्षरात लिहा, मलाही वाचता येईल."

मग लाँड्रीवालीकडे बघितलं. शिव्या देईल असं वाटलं. द्यायलाच हव्या होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे कोरडे. म्हणाली, "चार दिवस मी स्वतःला चेटकीण समजत होते."

  

मग तिने वही उघडली. "कितीपर्यंत मोजता?"

"बासष्ट. पुढचं धड येत नाही."

"मला येतं," ती म्हणाली. "रोज चादरी मोजते मी. पाचशेपर्यंत."

ड्रायव्हर खुर्ची सरकवत म्हणाला, "आजी, आम्ही सगळे इथे चुकूनच आलोय. आज तुम्ही आमच्यात आलात. या, बसा."

बसले. गुडघ्यांमुळे.

२२ फेब्रुवारी

मुंगीला सांगितलं, तुझ्या आईला पाचशेपर्यंत येतात. तिला पटेना. "तुझ्यापेक्षा जास्त?" म्हटलं, माझ्यापेक्षा सगळ्यांनाच जास्त येतात.

३ मार्च, रविवार

फाइलवालीने आणखी एकदा शनिवार-रविवार दिला होता. आज दुपारी लाँड्रीवालीचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आजी, एकशे चाळीस!" आणि ठेवला.

एकशे चाळीस. बिचारीचा घसा बसला असेल.

५ मार्च

कोर्टाने मुलगी आईला दिली, शनिवारी जायची. फाइलवाली बोलली होती तसंच कोर्टात म्हणाली. मला लेखी ताकीद, सहा महिने नवीन मूल नाही. सही केली. वर्गाचं काय ते वरचे साहेब ठरवणार म्हणे.

७ मार्च, गुरुवार

वर्गाला गेले. कोणी अडवलं नाही.

९ मार्च, शनिवार

मुंगी गेली.

पिशवी तिनेच ओढत नेली, मला हात लावू दिला नाही. मी नियमाप्रमाणे दारात घोटाळणार नव्हते. पुढची भेट कधी ते सांगायला तोंड उघडलं — आणि कधी? माझी कुठली पुढची भेट! इतके दिवस नियम शिकवतेय, सांभाळणाऱ्यांचं त्यात काहीच नाही हे आज कळलं. ती थांबून बघत होती, काहीतरी सांगणार म्हणून. मी म्हटलं, "उजवा बूट आधी."

"माहितीये," ती म्हणाली.

मग कोपऱ्यावर जाऊन आले.

२१ मार्च, गुरुवार

वर्ग सुटल्यावर लाँड्रीवालीने फळा पुसला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "रविवारी चार ते पाच. वेळेच्या आधी या. हात भरून आणू नका."

माझंच मला सुनावते. शहाणी!

२४ मार्च, रविवार

पावणेचारला पोचले, हात रिकामे. एकच खोली, पण लख्ख. मुंगीने तिची गादी दाखवली, खिडकी दाखवली, दुसरी गादी दाखवली. थोड्या वेळाने माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. तोंड धुवायला म्हणून न्हाणीत शिरले, कडी लावली. बाहेर बारीक पावलं आली, दाराला टेकून उभी राहिली.

"आजी, घाबरू नको. मी आहे. एक, दोन, तीन..."

वीस झाले की पुन्हा एकपासून. मी मुद्दाम वेळ लावला.