काठीचं वरचं टोक

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. उजवा गुडघा सुजलाय, त्याची हकिकत पुढे येईल.) आम्ही इकडे बरे आहोत आणि तुम्ही तिकडे बरे आहात, हे दोन वर्षं ताईच्या फोनवरूनच एकमेकांना कळतंय. ती दोन्हीकडे थोडं तिखटमीठ लावते, त्यामुळे तुझा खांदा किती दुखतो आणि त्यातला किती ताईचा, हे मला नक्की सांगता येत नाही. दुखत असेल तर शेक घे. वहिनींना नमस्कार सांग.

पत्रास कारण की, बाबांना काठी फिरवायची आहे.

चार महिन्यांपूर्वी ते ताईकडून माझ्याकडे राहायला आले. सामान काय, तर एक बॅग, रेडिओ, ताईच्या वाटणीला गेलेलं मासेमारीचं रीळ (तिनं ते मुकाट्यानं परत केलं, तिचा स्वभाव आपल्यात कुणी घेतला नाही) आणि साडेचार फुटांची ॲल्युमिनियमची एक नळी. माझ्या खोलीतला पडदा ह्या नळीवर लाव, म्हणाले. मी लावला. वीस वर्षं नळकाम करतोय, नळी भिंतीत बसवायला मला कुणी शिकवायला नको. बाबांचा उजवा हात आजारपणापासून ढिला पडलाय. व्यायाम करून घ्यायला दर मंगळवारी एक बाई येतात. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी खिडकीतून फेकून दिला (डाव्या हातानं). मग बाईंनी विचारलं, आजोबा, तुम्हाला आवडतं काय? बाबा म्हणाले, फ्लाय रॉड, माझी मासे धरायची काठी. बाई म्हणाल्या, मग तीच आणा. आणि जिन्यात मला हळूच सांगून गेल्या, की दोन-तीन महिन्यांत हे मनगट चालतं झालं तर झालं, नंतर कठीण आहे.

आता काठीची गोष्ट तुला सांगायला नको, पण ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाबा दवाखान्यात होते, घर रिकामं करायचं होतं आणि वाटणी आत्याकडे होती. आत्यानं चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दोननं भाग जाणारी वस्तू दिसली की तिला राहवत नाही. आपण दोघं भिंतीवरच्या घड्याळावरून अर्धा तास भांडून नुकते गप्प झालो होतो. तेवढ्यात कापडी पिशवीतून काठी निघाली, दोन तुकड्यांत. खालचा जाड, मुठीचा. वरचा बारीक, टोकाचा. आत्या म्हणाली, काठ्या दोन, पोरं दोन, जाड धाकट्याला. ही एकच काठी आहे हे तू म्हणशील म्हणून मी गप्प बसलो. तुझा चेहरा आठवला तर तूही तेवढ्याचसाठी गप्प होतास. असे आपण दोघे शहाणे अर्धी-अर्धी काठी घेऊन घरी गेलो.

तर माझ्याकडे मूठ होती, टोक नव्हतं. बाबांना हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मी ठरवलं, दुसरं टोक बसवू. जे बसत नाही ते बसवायचं, हाच तर माझा धंदा आहे. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या बंडीला चौदा खिसे होते आणि प्रत्येक खिशात एकेक व्याख्यान. त्याचं सार असं : या प्रकारात गळाला लावलेली पिसांची खोटी माशी इतकी हलकी असते, की ती फेकताच येत नाही. फेकायची असते जाड दोरी, माशी नुसती तिच्या मागून फरफटत जाते. दोरीला जोर येतो काठीच्या वाकण्यातून. म्हणून काठीला तीनच गोष्टी विचारायच्या : लांबी किती, कुठल्या वजनाच्या दोरीसाठी केलीस, आणि वाकतेस कुठून? कडक काठी शेंड्याशीच वाकते, झटकन सरळ होते, तिला चपळ हात लागतो. मऊ काठी मुठीपर्यंत वाकते, सावकाश सरळ होते, तिला थांबणारा माणूस लागतो. (इथे मला तुझी आठवण झाली. तुला कुणी वेळ विचारली आणि तू वाचनालयातल्या खुर्चीवरून उत्तर देईपर्यंत माझा एक नळ बदलून होतो.)

बाबांची काठी बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली, मऊ. मी घेतलं कार्बनचं कडक टोक, कारण ते दिसायला छान होतं. पितळी जोडात ते बसेना, म्हणून नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप गुंडाळली. बसलं. इमारतीमागच्या गवतावर जाऊन पहिली फेक केली. खालचा अर्धा वाकला, वरचा अर्धा ताठच उभा राहिला, भांडणानंतरच्या माणसासारखा. दोरी पुढे न जाता माझ्या डोक्यावर उतरली. जोर कमी पडला असेल म्हणून दुप्पट लावला. माशी मागे गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत रुतली. सोडवायला मी सांडपाण्याच्या पाइपवरून चढलो. पाइप भिंतीतून सुटला. गुडघ्याची हकिकत ही एवढीच. पाइप मीच बसवला होता, हे डॉक्टरीणबाईंनी साऱ्या जिन्याला सांगितलं आहे.

मग काचतंतूचं (फायबरग्लासचं) टोक आणलं, ते इतकं मऊ की नमस्कार केल्यासारखं जमिनीला लागायचं. जड दोरी लावली, तर आणखीच वाकलं. हलकी लावली, तर ती हवेतच रेंगाळली. तीन आठवडे मी लंगडत हे करत होतो आणि बाबा खिडकीत बसून बघत होते. एकदाच वरून म्हणाले, अरे, मागे गेलेली दोरी सरळ झाल्याशिवाय पुढची फेक होत नाही, थांब जरा. हे वाक्य भिंतीवर टांगण्याजोगं आहे, पण ते दोरीबद्दल म्हणाले होते, म्हणून मी दोरीपुरतंच घेतलं.

गेल्या मंगळवारी व्यायामाच्या बाईंनी काठी बाबांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून, दुबळ्या हातानं ती एकदाच हलवली. म्हणाले, "खालचा माझा. वरचा परका. माझं टोक कुठाय?"

मी म्हटलं, दुरुस्तीला दिलंय.

"कधी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, दोन वर्षं झाली. बाबांनी काठी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हापासून मनगट नाही की काठी नाही. या मंगळवारी बाई आल्या, त्यांना परत पाठवलं. दादा, मला भीती वाटते. हात गेला तर गेला असं ते म्हणतील, पण मला तसं म्हणता येणार नाही.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांस नमस्कार असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याहून मोठं आता बाबा आणि आत्याच उरलेत. एक इथे आहेत आणि दुसरीला मी इतक्यात नमस्कार करणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. टोक कुरियरनं पाठवू नकोस. ती माणसं पार्सल फेकतात, आणि फेकायचं कसं ते त्यांना शिकवलेलं नसतं. रविवारी तू स्वतः घेऊन ये. वहिनी ते मनीप्लांटला आधार म्हणून वापरतात असं ताईकडून कळलं. वेल आधी नीट सोडवा. मी नावं ठेवत नाही. माझ्या वाटणीची मूठ वर्षभर तुंबलेल्या मोरीत जात होती.

दुसरा ता. क. येताना रिकामी पिशवी आण, घड्याळ घेऊन जा. ते रोज वीस मिनिटं मागे पडतं. ज्याच्यासाठी मी तुला नाही नाही ते बोललो, ते हेच. चूक माझी होती. (हे वरच्या पत्रात लिहिणार होतो, जागा पुरली नाही.)

तिसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी बाबांनी पत्र मागून घेतलं आणि सगळं वाचलं. मग मला पडदा काढायला सांगितला. अशा काठीबरोबर कारागीर दोन टोकं देतो, एक मोडलं तर दुसरं असावं म्हणून. दुसरं टोक त्या नळीत होतं. मी स्वतः भिंतीत बसवलेल्या नळीत, आणि एकदाही आत डोकावून पाहिलं नाही. मग चार महिने बोलला का नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. म्हणाले, दोरी सरळ व्हायची वाट बघत होतो. आत्ता ते खिडकीत उभे राहून काठी हलवताहेत, मनगट थोडं वळतंय.

म्हणजे तुझ्या टोकाची आता गरज उरलेली नाही, आणि न यायला तुला चांगलं कारण मिळालंय. तरी ये.