किल्ल्यावर कोणीतरी थांबायला हवं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे ज्याचं जे दुखतं ते नेमाने दुखतं आहे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांनी तो कायमचा ठेवून घेतला? (ठेवला असेल तर असू दे. फोनवर आधी तो ऐकू येतो, मग तुझा आवाज, आणि आम्हाला आता तीच सवय झाली आहे.) शाळेला सुट्टी लागली की येतेयस हे वाचून तुझी भावजय पत्र हातात घेऊनच वरची खोली झाडायला गेली. खरं तर फोनवरच बोललो असतो, पण फोन बाबांच्या खाटेशेजारी आहे, आणि बाबांना हल्ली काही आठवत नसलं तरी ऐकू मात्र स्वच्छ येतं.

मागच्या खेपेला तू बजावलं होतंस, की बाबांनी आईबद्दल विचारलं तर खरं तेच सांगायचं, स्वतःच्या बापाला फसवायचं नाही. मुख्याध्यापिकेचा हुकूम म्हटल्यावर मी काय बोलणार? पाळला. रोज त्यांना आपल्या चष्म्याच्या दुकानात मागच्या स्टुलावर बसवतो, पुढ्यात भिंगं आणि मऊ फडकं ठेवतो, आणि ते अजून माझ्यापेक्षा चांगली पुसतात. मग मधेच मान वर करून विचारायचे, "ही अजून कशी आली नाही?" मी सांगायचो, बाबा, आई गेली, हिवाळ्यात गेली, आपण दोघेही तिच्या उशाशी होतो. आणि ताई, ते हे दर वेळी पहिल्यांदाच ऐकायचे. तुझी-माझी आई एकदा गेली. त्यांची बायको रोज जात होती, एखाद्या दिवशी जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर पुन्हा. (मध्यंतरी एक बाई एक डोळा झाकून अक्षरांच्या तक्त्यासमोर बसल्या होत्या, तेवढ्यात बाबांनी विचारलं आणि मी तुझ्या हुकमाप्रमाणे सांगितलं. बाबा रडले, ते बघून बाईही रडल्या, आणि ओल्या डोळ्यांनी अक्षरं वाचून त्यांचा जो नंबर निघाला त्या नंबरचा चष्मा घालून त्या दुसऱ्या दिवशी आमच्याच दारावर आपटल्या. दुकान चालवायचं म्हणजे काय काय बघावं लागतं.)

अशात बाबांनी किल्ल्याचं काढलं. आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको: चुकामूक झाली तर एकाने शेवटच्या जागी उभं राहायचं आणि दुसऱ्याने शोधायचं. या नियमापायी तू लहानपणी कापडबाजारात कुडकुडत उभी राहिली होतीस आणि दुकानदाराने दया येऊन आत बोलावलं तरी हलली नव्हतीस. हा नियम जन्मला तो त्याच किल्ल्यावर. आई-बाबांचं नवं लग्न झालेलं, दोघं वर गेलेले, आणि मग ही त्यांना शोधतेय, ते हिला शोधताहेत, असे एकमेकांच्या पाठोपाठ तटाभोवती दुपारभर फिरले. शेवटी आई वैतागून दरवाजात बसकण मारून बसली, तेव्हा भेट झाली. तर गेल्या आठवड्यात एका सकाळी बाबा बूट घालून तयार. म्हणाले, ती तिथेच उभी असणार, शोधायची पाळी माझी होती आणि मी विसरलो. इतकं ओशाळलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि गाडी काढली.

किल्ला म्हणजे आता काय राहिलं आहे म्हणतेस! तिकिटाची खिडकी तेवढी धडधाकट आहे. बाकी अर्धा बुरूज, छप्पर नसलेला दिवाणखाना, आणि एका भिंतीला लागून दगडांचा ढीग, ज्यावर 'राजवाडा' अशी पाटी आहे. ही पाटी नसती तर मी त्याच ढिगावर बसून बूट झटकले असते. (पाटी असूनही बसलो. जीव गेला होता चढून.) बाबा मात्र टुणटुणीत वर आले. तुझी भावजय त्यांच्या हाताला धरून, आणि मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन, भात्यासारखा फुसफुसत.

वर एक वाटाड्या भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात छडी, बोलण्यात लगाम नाही. बाबांनी त्याला अदबीने विचारलं, हिरव्या शालीतली, ठेंगणी, जरा रागीट दिसणारी बाई इथे बघितलीत का? आता हा पडला भुताखेतांवर पोट भरणारा माणूस. त्याला वाटलं, म्हातारबुवांनी कुठून तरी किल्ल्यावरची गोष्ट ऐकली आहे. डोळे बारीक करून म्हणाला, "दिसते ना! याच दरवाजात असते. वाट बघते कोणाची तरी. संध्याकाळच्या सुमाराला बऱ्याच जणांना दिसली आहे."  बाबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले, आणि दरवाजाच्या पायरीवर बसले. झालं! आता यांना उठवायची कोणाची टाप? पुढच्या घोळक्याला तो वाटाड्या हिरव्या शालीचीच हकिकत सांगत होता आणि बाबांकडे छडी दाखवत होता. एका मुलीने बाबांचा फोटोही काढला. आपली आई अशी त्या किल्ल्याच्या इतिहासात जमा झाली आहे, आणि काढायची कशी ते मला कळत नाही.

ऊन कलेपर्यंत बाबा बसून होते. मग गारठा सुटला, फाटक लावायची वेळ झाली, आणि त्यांचा चेहरा पडायला लागला. मी म्हटलं, चला. म्हणाले, जागा रिकामी सोडून? ती आली आणि कोणी नसलं तर? खूप विनवण्या झाल्यावर त्यांनीच तोडगा काढला. ते खाली बघतील, मी इथे थांबायचं. भावजय त्यांना घेऊन उतरली आणि मी उभा राहिलो. ते वळणाआड गेले की निघायचं, असं माझं ठरलं होतं. ते गेले, तरी मी निघालो नाही. ताई, मी तिथे आईची वाट बघत होतो. आई गेल्यावर मला रडायला वेळच मिळाला नव्हता, बाबांचं रडणं आवरण्यातच सगळा वेळ गेला. पहारेकरी किल्ल्या घेऊन आला. विचारलं, तुमचं कोण राहिलंय आत? मी सांगितलं, आई. तो बिचारा माझ्यासाठी सगळ्या पडक्या खोल्यांतून विजेरी मारून आला आणि मग म्हणाला, कोणी नाही हो साहेब. मी म्हटलं, माहीत आहे. त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि कुलूप लावलं.

असा प्रवास. सगळ्यांना यथायोग्य. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी भावजय घेऊन आली होती, मी मागून शेवटच्या एसटीने घरी पोचलो तर बाबा मला बघून हादरलेच. तू इथे, मग वर कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई थांबली आहे." ते म्हणाले, मग ठीक, ती हलायची नाही. पोटभर जेवले. त्या दिवसापासून रडलेले नाहीत. रोज सकाळी, वर कोण आहे, तेवढं एक विचारतात, मी, ताई आहे, तेवढं एक सांगतो, आणि दिवसभर भिंगं पुसतात. दुकानातले सगळे चष्मे लखलखताहेत.

ता. क. म्हणून ताई, सुट्टीत येऊ नकोस. तू दारात दिसलीस की किल्ल्यावरची जागा रिकामी होईल. खोली झाडून ठेवली आहे, भावजय रोज विचारते, मी तिला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. फोन मात्र कर. तू आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस, म्हणूनच त्यांना ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. ते विचारतील, ही आली का. अजून नाही, पण मी आहे इथे, असं सांग. मग विचारतील, ऊन लागतं आहे का. सावली आहे म्हण.