उरलेला थेंब

६ जानेवारी १९९२, जळगाव

लागली बुवा नोकरी! सकाळच्या एस.टी.नं धुळ्याहून निघालो, दुपारच्या आत जळगावात. ही डायरी लतानं निघताना पिशवीत घातली आणि वर ताकीद दिली, रोजचं रोज लिहायचं, मी आले की वाचणार, पानं कोरी दिसली तर बघा. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोवर ही जरब! पण हुकूम मोडायची आपली छाती नाही, म्हणून लिहायला बसलो.

संस्था एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आहे. पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायचे, त्या खोल्यांत आता प्रयोगशाळा. मालक, संचालक, सर्वेसर्वा एकच, डॉ. लीलाधर सर. वीस वर्षं परदेशात काढून गावाकडे परतलेले. हळू बोलतात, बिनसाखरेचा चहा पितात. दुसरे रुपचंद भाऊ, पहारेकरी, ते दिवसातून दोनदा चक्कर टाकतात आणि बाकीचा वेळ कुठे असतात ते कुणाला विचारायचं नसतं. तिसरा मी, कौतिक, एम.एस्सी. प्राणिशास्त्र. सरांनी म्हणे माझा अर्ज अक्षर पाहूनच बाजूला काढला. लहानपणी बाबांच्या छड्या खाल्ल्या त्या अशा फळाला आल्या.

९ जानेवारी

काम समजलं. लता, तुला कळेल असं लिहितो, जांभया देऊ नकोस.

आपलं अंग पेशींचं. पेशी म्हणजे नुसता रसाचा थेंब नव्हे, तिच्या आत बारीक दोऱ्यांचं जाळं ताणलेलं असतं, बाजेला सुतळी ताणलेली असते तसं. त्या दोऱ्यांना ॲक्टिन म्हणतात. हे दोरे सारखे उसवतात आणि पुन्हा विणले जातात. त्यांच्या जिवावर पेशी सरकते, आपली मूठ मिटते, उघडते. दोरे एरवी दिसत नाहीत. म्हणून फॅलॉइडिन नावाचं औषध वापरायचं. ते एका विषारी अळंबीतून निघतं आणि दोऱ्याला असं धरतं की दोरा परत उसवत नाही. त्याला चमकणारा रंग जोडलेला असतो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजेड टाकला की दोरे लालभडक पेटतात. आम्ही त्यांचे फोटो काढायचे आणि मापं घ्यायची. संपली शाळा.

१३ जानेवारी

आज इथल्या दोन रीती कळल्या. पहिली, पेशी आपल्याच. मुंबईहून मागवलेल्या पेशी रेल्वेतच मरतात म्हणून नव्या माणसानं स्वतःची कातडी द्यायची. सरांनी उजव्या हाताची डाळीएवढी कातडी काढली. मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही, पण मी सरांकडून चहा मात्र दोन कप उकळला. ती कातडी बाटलीत वाढत ठेवलीय. बाटलीवर माझ्याच हातानं नाव घातलं, झोकात. शेजारच्या बाटलीवर 'पुना' असं लिहिलंय. हा माझ्या आधीचा, पाचोऱ्याकडचा. दिवाळीत आजारी पडून घरी गेला तो आलाच नाही.

दुसरी रीत थेंबाची. औषधाची कुपी परदेशातून येते, करंगळीच्या नखाएवढी, आणि वर्षाला एक. एका काचेवरच्या पेशी रंगवून झाल्या की उरलेला थेंब टिपून घ्यायचा आणि पुढच्या काचेला वापरायचा. पुनाच्या पेशींवरचा थेंब सरांनी माझ्यासाठी जपून ठेवलाय. फेकाफेकी मलाही आवडत नाही, त्यामुळे माझं आणि सरांचं छान जमणार.

२७ जानेवारी

पाहिले! माझ्याच पेशी, माझेच दोरे. फॉर्मॅलिननं पेशी जागच्या जागी मारल्या, पुनाचा तो जपलेला थेंब घातला, वीस मिनिटं अंधारात ठेवल्या, धुतल्या, ग्लिसरीन घालून वर पातळ काच बसवली आणि कड नेलपॉलिशनं बंद केली. हसू नकोस, सगळ्या जगात नेलपॉलिशच लावतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि अक्षरशः तोंड उघडं राहिलं. काळ्या अंधारात लाल रेघाच रेघा. एवढं सुंदर काही माझ्या आत असेल असं वाटलं नव्हतं.

३ मार्च

लता आली होती. शिवरात्रीला धरून तीन दिवस. काल सर बाहेरगावी होते, म्हणून तिला प्रयोगशाळा दाखवली. ऐट करायची संधी सोडतो होय मी! लाकडी काडीनं तिच्या गालाच्या आतून हलकेच खरवडलं, काचेवर पसरलं. नवा थेंब काढता आला असता, कुपी समोरच होती. पण म्हटलं कशाला, माझ्या पेशींवरून टिपलेला थेंब आहेच की, तोच घातला. संस्थेतलं नेलपॉलिश सुकलं होतं, तेव्हा तिनं पिशवीतून तिचं काढलं, लाल. कड तिनंच लावली, माझ्यापेक्षा नीट.

खूप वेळ डोळा लावून बसली होती. मग हळूच म्हणाली, "आत मी अशी आहे होय?"

काचेवर तिचं नाव लिहून फ्रीजमधल्या डबीत ठेवलं, माझ्या काचेशेजारी. आज तिला बसमध्ये बसवून दिलं. खोली भकास वाटतेय.

१२ मार्च

एक विचित्र गोष्ट. जानेवारीतली माझी काच पुन्हा पाहिली, आणि तेव्हाचा फोटो शेजारी धरला. पेशी तीच, कोपऱ्यातला ओरखडा तोच. दोरे मात्र जाड झालेत, आणि आधी चारी दिशांना होते ते आता एकाच अंगाला ताणलेत. मेलेल्या पेशीत दोरे हलत नाहीत. सरांना दाखवलं. ते म्हणाले, फोटो काढताना काच फिरली असेल. काच फिरली तर ओरखडाही फिरायला हवा, नाही का? पण नोकरी नवी आहे, काच परत डबीत ठेवली.

२० मार्च

धुळवडीपासून उजवा हात आखडलाय. सकाळी मूठ उघडायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणाले शिरेचं आहे, आणि सुया टोचल्या. अक्षर बिघडलंय, हे पान बघून तू टोमणे मारशील.

रुपचंद भाऊंनी माझा हात उचलून पाहिला. मग म्हणाले की पुनाचंही असंच सुरू झालं होतं. उजव्या हातापासून.

५ एप्रिल

पाचोऱ्याला जाऊन आलो, तिथून पुढे दोन कोस पायी.

पुना बाजेवर बसवलेला होता. झोपवता येत नाही, कंबर सरळ होत नाही. माझ्याच वयाचा, आणि गुडघे, कोपर, बोटं सगळी जागच्या जागी गच्च. त्याची आई सुंदरबाई चमच्यानं पेज घालत होती, अर्धी बाहेर येत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बठ्ठं समजस त्याले, भाऊ. डोया तेवढा हालतस." म्हणजे सगळं कळतं, हलतात फक्त डोळे.

मी संस्थेतून आलो म्हटल्यावर ते डोळे माझ्या हातावर आले आणि तिथेच थांबले. मग त्यांतून पाणी वाहायला लागलं. मला तिथे पाणीही पिववलं नाही.

७ एप्रिल

पुनाची जुनी काच काढून पाहिली. आत रिकामी जागाच उरलेली नाही. दोऱ्याला दोरा चिकटून सगळं लाल, जसं आतून कुणी घट्ट शिवून टाकलंय.

माझी अजून तशी नाही. पण त्याच वाटेवर आहे. तिच्यावर त्याचाच थेंब घातलाय.

८ एप्रिल

हातून पुनाची काच पडली. डबीत ठेवताना बोटं सुटली नाहीत, मग एकदम सुटली. फरशीवर चुरा. दुपारी तीन वाजले होते.

१० एप्रिल

पुना गेला. रुपचंद भाऊंनी निरोप आणला. परवा दुपारी, तीनच्या सुमाराला. पेज भरवता भरवताच.

मी मारला त्याला. कुणाला सांगू? कोण ऐकेल?

११ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. थेंब, दोरे, पुना, तीन वाजले ते. रडलोसुद्धा. विचारलं की दिव्याखाली काच ठेवून रंग उडवून टाकला तर सुटेल का. तेजाखाली हा रंग फिका पडतो, हे तर रोजचंच.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "रंग उडतो, कौतिक. पकड उडत नाही."

मग कळलं. यांना माहीत आहे. डबीत सरांच्या नावाची एकही काच नाही.

१२ एप्रिल

तरी करून पाहिलं, माझ्या काचेवर. तासभर दिवा लावून ठेवला. पेशी काळ्या पडल्या. हात तसाच आखडलेला, फक्त आता त्याला चटकाही कळत नाही. तापलेला दिवा हाताला लागला, कातडी भाजली, वास आल्यावर समजलं.

म्हणजे फोडायची नाही, दिव्याखाली धरायची नाही, काही करायचं नाही. नुसती जपायची.

आणि मग आठवलं. लाल कड. माझा उरलेला थेंब.

१३ एप्रिल

लताची काच पाहायची हिंमत होत नाही.

१५ एप्रिल

पाहिली.

जाड झालेत.

२४ एप्रिल

डाव्या हातानं लिहितोय, पोराच्या अक्षरासारखं. उजवी मूठ दिवसातून एक-दोनदाच उघडते. जीभ जड. सर मुंबईला गेले, आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की येणार, नवा माणूस घेऊन. वर्तमानपत्रात जाहिरात दिलीय. अक्षर चांगले असल्यास प्राधान्य.

लता आखाजीला माहेरी गेली असेल. लग्नानंतरची पहिली आखाजी. तिला कळवायला हवं, पण काय कळवू? तुझ्या आतले दोरे मी बांधले, थेंब वाचवायला?

नवा थेंब घेतला असता तर. कुपी समोर होती. हाताच्या अंतरावर.

७ मे

पत्र आलं. अक्षर लताचं नाही, मेव्हण्याचं.

आखाजीला झोक्यावर बसली होती. गाणी म्हणत होत्या सगळ्या. उतरायची वेळ आली तर उजवा हात दोरावरून सुटेना. बायकांनी आधी थट्टा केली. मग एकेक बोट ओढून सोडवलं. तेव्हापासून मूठ आखडते. घास उचलत नाही. म्हणते, त्यांना दाखवू, त्यांना माझं आतलं सगळं ठाऊक आहे.

रविवारी घेऊन येतोय, लिहिलंय.

८ मे

चव्वेचाळीस डिग्री. वीज जाते येते. फ्रीज कोमट. ग्लिसरीन पातळ होतंय, नेलपॉलिश मऊ. काच सरकली तर—

डबी ओल्या फडक्यात. दर तासाला पाणी. झोप नाही.

९ मे

सकाळपासून वीज नाही. माठाजवळ बसलोय.

पाय उचलत नाहीत.

तिची काच धरून राहिली तर ती राहील. पुनासारखी, पण राहील. एवढंच माझ्या हातात आहे.

१० मे, रविवार

वीज नाही. अंधाऱ्या खोलीत, जमिनीवर. दुपार.

डबीत पाणी शिरलं होतं. तिची काच बाहेर काढली. डाव्या हातात फडकं होतं, म्हणून उजव्यानं— सवय मेली नाही. उजव्यानं धरली. कडेला, नीट, पहिल्यासारखी.

आता मूठ मिटतेय.

बोटं ओढून पाहिली. ओढली की काचेवर दाब येतो. ओढणं सोडून दिलं. बोटांना लावायला तेल नाही. रुपचंद भाऊ पाचला येतील. ओरडलो, आवाज नाही. घशात नुसती घरघर.

अंगठा आत येतोय. हळू. मला कळत नाही, फक्त दिसतं.

लाल कड अर्धी दिसते.

फाटक वाजलं. मेव्हण्याचा आवाज. तिच्या बांगड्या. इकडे तिकडे शोधतायत.

लता, येऊ नको. नाही, ये. लवकर ये, बोटं— तू झोक्यावरून सुटलीस तशी—

कड दिसत नाही आता.

दाराशी आली. हाक मारतेय. अहो, म्हणतेय, अहो, कुठे—

मुठीत बारीक आवाज झाला

हाक अर्ध्यावरच