वाढत्या अंगाचा फ्रॉक

३ मार्च
भेटवस्तू आणू नयेत म्हणे! धाकटीने लेकीच्या सहाव्या वाढदिवसाचं आमंत्रण फोनवर धाडलं, त्यात खाली ही ओळ. सख्ख्या मावशीलासुद्धा? चिमणीचा एकही वाढदिवस माझ्या हातच्या फ्रॉकशिवाय गेलेला नाही. आता मोठ्या दुकानातले कपडे परवडतात, तर शिवणकाम करणारी बहीण कशाला हवी!

४ मार्च
फोन केला. "सगळ्यांना तेच लिहिलंय गं ताई. तू फक्त ये." चिमणीला दे म्हटलं, तर "झोपलीय." भर दुपारी बारा वाजता? — टाळतेय मला. टाळ बाई.

७ मार्च
शिवायला घेतलाच. पिवळं कापड, पाठीला बटणं. माप गेल्या वर्षीचं, त्यावर चांगली चार बोटं जास्त. खाली घेरात दोन आडव्या चुण्या, बाजूच्या शिवणीत जास्तीच्या कापडाची भरपूर माया. पोर उंच झाली की चुण्या उसवायच्या, अंगाने भरली की बाजू. मुलांचं वाढत्या अंगाचं शिवायचं, हे आईने शिकवलेलं. आणू नये म्हणे!

१० मार्च
जाऊन आले. कुणीच काही आणलं नव्हतं, मीच एकटी पिशवी घेऊन. आणि गप्प बसेन तर मी कसली? सगळ्यांसमोर फ्रॉक उलटा करून धाकटीला चुण्या दाखवल्या. "बघ, आठ वर्षांची होईपर्यंत काळजी नाही!"

धाकटीने चुणीवरून बोट फिरवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, फणकारा.

तिचा नवरा मला बाहेर जिन्यात घेऊन गेला. चिमणीला रक्ताचा आजार आहे. पुढचा वाढदिवस दिसेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून हा एवढा थाट. "लोक काय आणतात ताई? मोठी सायकल, पुढच्या इयत्तेची पुस्तकं. हिला ते बघवत नाही. म्हणून ती ओळ."

जीभ झडो माझी.

चिमणीने मात्र तिथेच फ्रॉक चढवला. खांद्यांवरून घसरत होता. "मावशी, मी ह्यात दोनदा मावते!"

११ मार्च
शिलाईचं दुकान उघडलंच नाही. तीन महिने "सर्दी आहे, नंतर ये" करत लपवलं माझ्यापासून. का? — तर मी आरडाओरडा करीन म्हणून. केलाच असता.

१४ मार्च
धाकटी फ्रॉक घेऊन आली. "आजच्या मापाचा करून दे. जास्तीचं कापून टाक." माझ्याकडे बघत नव्हती. मशीनवर डोकं टेकून दोघी रडलो. मग तिने माप सांगितलं, मी लिहून घेतलं.

बाजू आत घेतल्या. कात्री उचलली आणि परत ठेवली. नाही कापलं. कापड तसंच आत दडवलं, वरून कळत नाही. धाकटीला बोलले नाही.

११ एप्रिल
धाकटीचा फोन. "ताई, फ्रॉक घट्ट होतोय गं. काखेत, पोटावर. आणि तिला दुसरं काही घालायचंच नाहीये."

मी खुर्चीवरून उठलेच! "अगं, मी कापलंच नव्हतं! आण, उद्याच्या उद्या उसवते! भरली ना माझी चिमणी?"

ती म्हणाली, "औषधांची सूज आहे, ताई."

१२ एप्रिल
बाजू उसवल्या. चुण्यांना हात लावावा लागला नाही.