भिंतीपलीकडचा बँड

सोमवार, ३ जून

पाय भरून आलेत, पण झोप कसली! आत्ताच ऑक्टावीच्या बारमधून आले. आले म्हणजे काय, भिंतीला भिंत — दोन पायऱ्या उतरायच्या, दोन चढायच्या. दिवसभर हॉटेलातल्या चादरी धुऊन कंबरेचा भुगा झालेला. पण एकदा जॅझ सुरू झाला की बाई, ती कंबर माझी राहतच नाही! एक बिअर घ्यायची, बँडची बादली फिरली की दोन डॉलर टाकायचे, वर सोमवारचा राजमा-भात फुकट. सगळ्या न्यू ऑर्लिन्समध्ये एवढ्याशा पैशात एवढं सुख नाही.

आणि ट्रॉम्बोनवर कोण? माझा नातू ल्यूसियन! असा सूर लांबवला आज की माझ्या डोळ्यांचं धरण फुटलं. ऑक्टावी काउंटरवरून ओरडली, "म्हातारे, डोळे पूस, बिअर खारट होईल!" मी म्हटलं, "तुझ्या बिअरला चव कुठंय? पडू दे थोडं मीठ."

अर्लीन मागच्या खोलीत झोपलीय. ल्यूसियनची आई, माझी लेक. शहराची बस चालवते, पहाटे चारला कामावर निघते. कितीदा म्हटलं, अगं, एकदा ये, पोटचा पोरगा वाजवतो! म्हणते, "आई, मला उभ्याउभ्या झोप येते. तिथं बसले तर काय होईल!"

गुरुवार, ६ जून

घात झाला. ऑक्टावीच्या दारावर नगरपालिकेचा कागद. रात्रीच्या आवाजाबद्दल कुणीतरी पुन्हा पुन्हा फोन केलेत. मंगळवारी सुनावणी. परवाना गेला की बँड बंद! ल्यूसियन हसत म्हणाला, "आजी, मग मी काय करू? तुझ्या चादरी वाळत घालू?" हसला, पण जेवला नाही.

कुणाचं काम ते मला ठाऊक आहे. निळ्या घरातले नवे लोक! कुत्र्याला बूट घालतात. असल्यांना ट्रॉम्बोन कुठला सोसायला?

शुक्रवार, ७ जून

निळ्या घरातला समोरून आला. "काय आजीबाई, बरं आहे ना?" मी उत्तर दिलं नाही. या गल्लीत जन्म गेला, नमस्काराला नमस्कार दिला नाही असं आजच झालं. दिवसभर तोंड कडू.

सोमवार, १० जून

दमले. सगळे आज शेवटचं असल्यासारखं वाजवत होते. मध्येच अर्लीन गाऊनवरच बारच्या दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आली एकदाची लेकाचं ऐकायला! हात केला. तिनं नुसतं बघितलं आणि परत गेली.

मंगळवार, ११ जून

वाचलो! तक्रार करणारं माणूस सुनावणीला आलंच नाही. आणि निळ्या घरातला उभा राहून काय म्हणाला? "साहेब, आम्ही हे घर घेतलं ते या बँडच्या शेजारी राहायला मिळावं म्हणून." मेले मी लाजेनं! संध्याकाळी वाडगाभर राजमा घेऊन त्याच्या दारात गेले. तो म्हणतो, "मला वाटलं, आजीबाईंना ऐकू कमी येतं!" कुत्रा बूट घालूनच अंगावर नाचला. नाचू दे.

रात्री ल्यूसियन पोटभर जेवला. अर्लीनला उठवून सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मग कोणी केले असतील फोन? जाऊ दे.

बुधवार, १२ जून

पहाटे कॉफी द्यायला गेले. अर्लीन गणवेश घालून पलंगावर बसलेली, एका बुटाची नाडी हातात तशीच.

"आई, फोन मी केले. मागच्या महिन्यात सिग्नलला माझा डोळा लागला. बस भरलेली होती."

चार वाजत आले होते. मी खाली बसले आणि तिच्या बुटाची नाडी बांधली.