मॅव्हिसच्या वतीने माफी

ऑर्मस्टेड, नॉरफोक
५ डिसेंबर

चि. रोझालिंड हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण या घरात कुरकुरायला दुसरं आहे तरी कोण? तुझं पुस्तक पोचलं, चिठ्ठीही पोचली. ‘आत्या, जानेवारीत नवी आवृत्ती निघतेय, काही बदलावंसं वाटलं तर मनापासून सांग.’ विचारलंस ना, मग ऐक आता.

वाचनालयातली प्रिडमोरबाई परवा रस्त्यात आडवी आली. “तुमच्या भाचीनं काय लिहिलंय हो! माझी नात वाचताना जेवायला उठेना. मी तर ढसाढसा रडले.” म्हटलं, “बाई, तुम्ही दूध उतू गेलं तरी रडता.” तोंड एवढंसं झालं तिचं.

आमच्या वेळची भुतं बोलत नसत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पडदे ओढायचे, शेकोटीभोवती बसायचं आणि तुझ्या आजोबांनी गोष्ट सांगायची. कुणी म्हातारे प्राध्यापक नको ती जुनी वस्तू उचलतात आणि त्यांच्या मागून काहीतरी येतं. संपलं. ते कोण, का आलं, हे विचारायचं नाही. तुझं भूत मात्र कॉलेजातल्या पोरीसारखं रुसतं, चिडवतं, पानोपानी बोलतं. आणि तुझी ती सोळा वर्षांची नायिका सरळ दार उघडून त्याला विचारते, “तुझं नाव काय? काय झालं तुला?” मला इतका राग आला! एवढंच करायचं होतं, आणि आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना ते जमलं नाही.

दार ठोठावणाऱ्या त्या राखाडी पोरीची गोष्ट तू आजोबांच्या पायाशी बसून ऐकलीस. ती कोण, हे तुला कुणी सांगितलं नाही. तुझी मॅव्हिसआत्या नॉरिचला न्यूमोनियानं गेली, असंच तुला ठाऊक. खोटं आहे ते, रोझालिंड.

बासष्ट सालच्या ऑक्टोबरात बाबांनी तिला घराबाहेर काढलं. एकोणीस वर्षांची होती. दिवस गेले होते, लग्न नव्हतं, आणि बाबा पडले गावचे पाद्री. दर रविवारी क्षमेवर बोलायचे.

आमच्याकडे एक रीत होती. गोष्ट रंगात आली की पर्सीकाकांनी मागच्या दारानं गुपचूप बाहेर पडायचं आणि पुढचं दार ठोठावायचं. बायका किंचाळायच्या, मग हशा, मग शेरीचे पेले. त्या नाताळातही दार वाजलं. सगळे किंचाळले. बाबा म्हणाले, “उघडू नका हं, ते आलंय!” पुन्हा हशा पिकला.

पण मला पर्सीकाका दिसत होते. पियानोमागच्या खुर्चीत चक्क घोरत होते.

दाराला सगळ्यांत जवळ मी होते. बाहेरून हाक आली, “थर्झा, अगं मी आहे.” बाकीच्यांना त्या गोंधळात ऐकू गेली नसेल. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आवाज चढवून गोष्ट पुढे सुरू केली.

मी उठले नाही. बाबांचा धाक होता, असं मी साठ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. तिची खोली मला मिळाली होती, तिचा हिरवा कोट मी घालत होते, आणि जन्मात पहिल्यांदा घरातली लाडकी मी झाले होते. ती आत आली की हे सगळं जाणार, हे माझ्या मनात आलं. दार वाजायचं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं गं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं.

दोन दिवसांनी बर्फ पडलं आणि ती गावाबाहेर बेट्स शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडली. गारठून मेली होती. गाव गप्प बसलं, आम्ही नॉरिच आणि न्यूमोनिया सांगायला लागलो. तुझा बाप लायनेल तेव्हा पाच वर्षांचा, त्यालाही तेच सांगितलं. पुढच्याच नाताळात बाबांनी नवी गोष्ट काढली. पोटच्या पोरीचं भूत केलं आणि दरवर्षी नाताळच्या गोड मिन्स पायबरोबर पाहुण्यांना वाढलं. बशा मी फिरवायचे.

तर बदल विचारलेस. एकच सांगते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ते भूत घरातल्या म्हाताऱ्या बहिणीला मिठी मारतं आणि म्हणतं, “तू लहान होतीस, तुझा काही दोष नव्हता.” ही बहीण तू मनानंच रचलीस, पण बाण नेमका लागला. प्रिडमोरबाई तिथेच रडली म्हणे. मी ते प्रकरण सात वेळा वाचलं. फार गोड लागलं. म्हणूनच सांगते, काढून टाक ते.

माझा दोष होता. माफ करायचं की नाही, हे मॅव्हिसनं ठरवायचं होतं, आणि तिला ती संधी आम्ही ठेवली नाही. मेलेल्या पोरीच्या तोंडात आपल्याला सोयीचे शब्द घालायचं काम या घरात एकानं तीस वर्षं केलंय. तुझ्या वाचणाऱ्या पोरींना वाईट वाटेल, वाटू दे. त्यातली एखादी तरी वेळेवर उठेल.

नाताळला येतेस म्हणालीस. आधी काय ठरवलंस ते कळव, मग ये.

माफ न झालेली,
तुझी आत्या
थर्झा